न करण्याचं वेळापत्रक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

कपाटातल्या जुन्या टाचण वह्यांमध्ये एक कोरी निघाली. एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं आणि उद्या काय शिकवणार ते रोज आदल्या दिवशी टाचणात लिहिलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आज घडलं.

दौंडच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. एकशे बहात्तर, खाली एकशे चार. पट्टा काढून परत लावला, परत तेवढाच. "सर, जरा शांत राहायला शिका," म्हणाले. मी विचारलं, "रोज किती मिनिटं?" त्यावर ते हसले. यात हसण्यासारखं काय आहे, असं मी जरा मोठ्यानं विचारलं, तर त्यांनी तिसऱ्यांदा पट्टा लावला. एकशे ऐंशी.

घरी सौ. नाही. तुळजा शनिवारी शिरूरला गेली, मोनालीकडं. मोनाली आमची मुलगी. रांजणगावच्या एका कंपनीत लॅबमध्ये असते. तिची शिफ्ट बदलली आणि डब्याची पंचाईत व्हायला लागली, म्हणून तुळजा म्हणाली, "आठ-पंधरा दिस जाऊन येते." सोबत दोन मोठ्या बॅगा, शिलाई मशीन, देव्हाऱ्यातली देवी आणि कढीपत्त्याची कुंडी नेली. छोटा हत्ती टेम्पो सांगावा लागला. पंधरा दिवसांसाठी एवढं सामान म्हणजे नियोजनाचा अभाव. मी तसं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पाचला उठलो. सवयीप्रमाणे ओसरीवर येऊन शिट्टी वाजवली. कुणी उठलं नाही. मग लक्षात आलं की उठणारं माणूस शिरूरला आहे.

तुळजाला फोन करून शिरूरच्या घराबद्दल सूचना दिल्या. गॅसचं बटण, मागचं दार, गच्चीची कडी. ती "व्हय, व्हय" म्हणाली. पाठीमागं पुष्कळ बायकांचा आवाज येत होता. हळदीकुंकू असावं. पण नोव्हेंबरात कसलं हळदीकुंकू?

दुपारी विहिरीवरची मोटार जळाली. विहीर माझ्यात आणि खंडूआप्पांत सामायिक. मोटार त्यांच्या पाळीत जळाली. ते म्हणतात माझ्या पाळीत. याच्यावर तासभर बोललो. खरं तर मीच बोललो. आप्पा बांधावर तंबाखू मळत बसले होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजची नोंद सविस्तर करणं भाग आहे.

मोटार घेऊन महेंद्रच्या दुकानात गेलो. महेंद्र माझा जुना विद्यार्थी. पूर्वी रांजणगावला एका कारखान्यात फिटर होता, आता राहूत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. दुकानात कुणी दिसेना म्हणून मागं गेलो. बघतो तर महेंद्र भिंतीजवळ उभा. गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात पुढं गोल, जशी काही धान्याची कणगी मिठीत घेतली आहे. डोळे अर्धवट मिटलेले. हलेना, बोलेना. पायाशी तांब्याची तार पडलेली.

करंट लागलेल्या माणसाला हातानं सोडवायचं नसतं, कोरड्या लाकडानं सोडवायचं असतं. हे मी एकतीस वर्षं प्रथमोपचारात शिकवलं. बाजूला फळी होती. उचलली आणि दंडावर हाणली.

महेंद्र चार हात लांब जाऊन पडला. मी म्हणालो, "घाबरू नकोस! वाचलास!"

तो दंड चोळत उठला. म्हणाला, "सर, करंट न्हवता. ध्यान हुतं."

हकिकत अशी. कारखान्यात एक नवी प्रेस बसवायला तैवानवरून लिन नावाचे साहेब आले होते, सहा महिने. ते रोज जेवणाच्या सुट्टीत असे झाडासारखे उभे राहायचे. महेंद्र त्यांच्याशेजारी उभा राहायला लागला. त्याला ताओ म्हणतात. ताओ म्हणजे वाट. महेंद्रनं सांगितलं त्याचा सारांश असा: जोर लावायचा नाही. जे आपसूक होतंय त्यात लुडबूड करायची नाही. पाण्यासारखं राहायचं. करायचं, पण न करता करायचं.

"हे सगळं लिनसाहेबांनी सांगितलं?"

"त्यास्नी मराठी येत न्हवतं, मला चिनी. ते हातानं दाखवायचे, मी अर्थ लावायचो."

"पाण्याचं कसं दाखवलं?"

"पाण्याच्या माठाकडं बोट केलं आन् हसले." मग महेंद्र थोडा विचारात पडला. "तहान बी लागली असंल म्हणा."

मी विचारलं, यानं रक्तदाब उतरतो का? तो म्हणाला, "माझा उतरला. पर उतरावा म्हणून उभं ऱ्हायलं तर उतरत न्हाई, सर."

हे वाक्य मला बरोबर वाटलं नाही. ज्यासाठी करायचं ते मनात धरायचंच नाही, मग आधी पाय कशासाठी वाकवायचे? तरी उद्यापासून सुरू करतो. तुळजा परत येईपर्यंत पूर्ण शांत व्हायचं. पंधरा दिवस भरपूर आहेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

वेळापत्रक भिंतीवर लावलं.

पाच ते सव्वापाच, मन रिकामं करणे. साडेपाच ते सहा, झाड होणे. सहा ते साडेसहा, पाणी होणे. सात ते आठ, काहीही न करणे. आठ वाजता, काय काय केलं नाही त्याचा आढावा.

पहिल्या दिवशी मन चार सेकंद रिकामं राहिलं. स्टॉपवॉच लावलं होतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सात सेकंद. पण शेवटचे तीन संशयास्पद.

अडचण अशी आहे. मन रिकामं आहे का, हे बघायला जावं तर बघणारा मनातच असतो, म्हणजे ते रिकामं नाही. बघायला नाही गेलं, तर रिकामं होतं याला पुरावा काय? कबड्डीत खेळाडूनं स्वतःच पंच होऊन चालत नाही. इथं बाहेरचा पंच पाहिजे आणि बाहेरच्याला आत येता येत नाही. महेंद्रला फोन करून हे विचारलं. त्यानं प्रश्न परत सांगायला लावला. मग म्हणाला, "सर, गिऱ्हाईक आलंय."

सोमवार, १० नोव्हेंबर

'काहीही न करणे' या तासात दूध उतू गेलं. मी समोरच होतो. आठ वाजायला बारा मिनिटं बाकी होती.

आढाव्यात लिहिलं: गॅस बंद केला नाही. शब्दही उच्चारला नाही. उत्तम.

नंतर ओटा घासायला पाऊण तास लागला. तुळजाला फोन करून काळा झालेला ओटा कशानं निघतो ते विचारलं. तिनं सांगितलं, "लिंबू आन् मीठ. आन् घासू नका, जरा भिजू द्या, आपल्या आपण सुटतं." तिला ताओतलं काही माहीत नाही, म्हणून मग मीच पंधरा मिनिटं समजावलं. फोनवरच तिला उभं राहायला लावलं. "गुडघे वाकव! उजव्या पायावर भार नको!" पाठीमागून कुणी तरी म्हणालं, "मॅडम, काज तिरकं झालं." तुळजा म्हणाली, "ठेवते हं," आणि ठेवला.

मॅडम कोण, ते विचारायचं राहिलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

एक विचित्र गोष्ट.

खिडकीखाली तुळजाचं मशीन असायचं. आता तिथं काही नाही. तरी स्वयंपाकघरात जाताना मी रोज त्या जागेला वळसा घालून जातो. आज मुद्दाम सरळ जायचं ठरवलं. ठरवून चार पावलं टाकली आणि पाचव्याला परत वळलो.

जी वस्तू नाही तिला माणूस कसा अडतो? हा प्रश्न महेंद्रला नाही विचारला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ताओचा पहिला जाहीर विजय!

मोटार दुरुस्त होऊन आली. आज सकाळी माझी पाळी होती. विहिरीवर गेलो तर पाणी खंडूआप्पांच्या उसात चाललेलं आणि आप्पा बांधावर बसून तंबाखू मळतायत. पूर्वीचा मी असतो तर माझा आवाज पाटसपर्यंत गेला असता. आज मी पाणी व्हायचं ठरवलं. पाणी भांडत नाही. झाडासारखा उभा राहिलो, हात गोल, डोळे अर्धवट. आप्पांकडं बघत राहिलो.

आप्पांचा हात थांबला. "काय मास्तर? बरं हाय न्हवं?"

मी काही बोललो नाही.

"मोटार आता बंदच करणार हुतो."

मी बोललो नाही.

"आरं काय तरी बोला की! पोलिसात गेलता का काय?"

मी एक दीर्घ श्वास सोडला. आप्पा उठले, पाणी माझ्या रानात वळवलं आणि पायताण तिथंच विसरून घरी गेले. दुपारी त्यांची सून वांगी घेऊन आली. आप्पांनी विचारलंय म्हणाली, मास्तरांनी मनाला काही लावून घेतलं नाही ना?

वीस वर्षांत त्या विहिरीवर ओरडून जे झालं नाही ते न बोलता अकरा मिनिटांत झालं. मला इतका आनंद झाला की आप्पांच्या घरासमोर जाऊन मी ते त्यांना ओरडून सांगितलं.

तुळजाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजी तुम्हाला गप ऱ्हाता येतं तर." पंधरा दिवस आज पूर्ण झाले, याची आठवण दिली. म्हणाली, मोनालीची शिफ्ट अजून तीच आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जे आपल्याला मिळालं ते गावालाही मिळालं पाहिजे. मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात दर रविवारी वर्ग घ्यायचा ठरवला. महेंद्र म्हणाला, "सर, येवढ्यात नको. आधी तुमचंच जरा मुरू द्या." मी म्हणालो, "मुरायला मी काय लोणचं आहे?"

फलक करायला रंगाऱ्याला फोनवर मजकूर सांगितला. फलक आला तो असा:

मोफत ताव वर्ग. मार्गदर्शक श्री. हौसराव सर.

रंगाऱ्याला फोन लावला. ताओ पाहिजे होतं, ताव नव्हे! तो म्हणाला, "सर, मला बी आदी जरा कोडं पडलं हुतं. पर खाली तुमचं नाव बघितलं आन् म्हटलं, बरोबर हाय."

त्याला माझ्या नावाचा काय आधार वाटला, ते कळलं नाही. फलक बदलायला वेळ नाही. असू दे.

रविवार, २३ नोव्हेंबर

वर्गाला एकोणीस जण! पहिल्याच दिवशी! हजेरी घेतली, रांगा लावल्या, उंचीप्रमाणे उभं केलं.

सुरुवातीला विचारलं, आपण इथं कशासाठी आलो? बयाबाईंनी हात वर केला. बयाबाई आमच्या गल्लीतल्या, सत्तरीच्या, अगदी हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मला ताव शिकायचाय. मोरीचा नळ चार म्हैने गळतोय, पोराला सांगून थकले, पर घरात माझं कुणीच ऐकत न्हाई."

खंडूआप्पा म्हणाले, "आमचं बी तेच. कचेरीत गेलं की आवाजच फुटत न्हाई. म्हटलं, मास्तरांइतका ताव पंचक्रोशीत कुणाला येत न्हाई आन् फुकट शिकवत्यात, तर जावं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. गैरसमज दूर करायला मी ताओचं महत्त्व सांगितलं आणि सुरुवात केली. "सावधान! विश्राम! गुडघे वाक! मन रिकामं कर!"

तिसऱ्या मिनिटाला आप्पा उभ्या उभ्या घोरायला लागले. चौथ्या मिनिटाला कुणाचा तरी फोन वाजला. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेत कुजबुज. मी शिट्टी मारली आणि म्हणालो, "शांत!" कुजबुज थांबेना. मग मी पोटातून म्हणालो, "शाऽऽऽऽन्त!"

देवळावरची पाखरं उठली. आप्पा जागे झाले. आणि पहिल्या रांगेतून बयाबाई, छाती भरून, डोळे वटारून, हुबेहूब माझ्यासारख्या ओरडल्या, "शाऽऽऽऽन्त!"

मग आप्पा ओरडले. मग सगळी रांग. एकोणीस माणसं मारुतीसमोर गळ्याच्या शिरा ताणून एकमेकांना 'शांत' म्हणून सांगत होती. कुत्री ओढ्याकडं पळाली. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर थांबला, ड्रायव्हर खाली उतरून काय झालं म्हणून विचारायला लागला. त्यालाही कुणी तरी सांगितलं.

मी त्यांना थांबवायला आणखी मोठ्यानं ओरडलो. तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी खाली बसलो. बसलो म्हणजे, मंडपाच्या खांबाला धरत धरत घसरलो.

मागच्या रांगेतल्या महेंद्रनं गाडीवर घालून त्याच्या घरी नेलं. गौतमीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लिंबूपाणी दिलं. शेजारची नर्स येऊन रक्तदाब बघून गेली. एकशे शहाण्णव. आता पडून लिहितोय.

सोमवार, २४ नोव्हेंबर

कालचं सगळं लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

मी पडलेलो असताना गौतमीनं धीर द्यायला म्हणून विषय काढला. "बाईंचा क्लास लई भारी चाललाय म्हणं, सर. माझी बहीण जाती तिथं, शिरूरला पाबळ फाट्याला. चौदा जणी झाल्या."

"कसला क्लास?"

गौतमीनं महेंद्रकडं बघितलं. महेंद्रनं छताकडं बघितलं.

"शिवणाचा," गौतमी म्हणाली. "तुम्हाला... म्हंजी, मला वाटलं..."

ती आत गेली. मी महेंद्रला विचारलं, "ती पंधरा दिवसांसाठी गेलीय ना?"

"सर, मशीन घिऊन कुणी पंधरा दिसांसाठी जातं का?"

लिंबूपाण्याचा पेला मी खाली ठेवला. मग मी म्हणालो, माझं काय चुकतंय ते सांग, तू माझा या विषयातला शिक्षक आहेस. तो नको म्हणाला. मी हुकूम केला. तेव्हा म्हणाला, "आठवीत असताना तुम्ही मला ग्राउंडला बारा चकरा मारायला लावल्या, बूट न्हवते म्हणून. भर उन्हात. बूट का न्हाईत ते इच्यारलं न्हाई. घरी न्हवतेच, सर. येवढं सांगायला मला चार शब्द लागले असते. मी वाट बघत हुतो तुम्ही इच्यारायची, आन् पळत हुतो."

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

हे खोटं बोललो. आठवतं. पाय भाजत होते म्हणून तो टाचांवर पळत होता. मी त्याला पाऊल पूर्ण टेकवायला सांगितलं होतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

महेंद्रच्या दुकानात गेलो. तो मोटार खोलून बसला होता. मी म्हणालो, "आठवतं." तो म्हणाला, "म्हाईत हाय." मग त्यानं मला स्टूल दिलं. दुकान बंद होईपर्यंत बसलो. मध्ये एकदा त्याच्या हाती पाना दिला.

बयाबाई वाटेत भेटल्या. नळ बसला म्हणाल्या. पोरगा तिसऱ्या 'शांत'ला उठला. पुढचा वर्ग कधी, असं विचारत होत्या. मी म्हणालो, मला जे येत नाही ते मी शिकवणार नाही. म्हणाल्या, "तुम्हाला येतंय की चांगलं."

उद्या शिरूरला जाणार. तुळजाला काय सांगायचं त्याचे मुद्दे काढले आहेत. एकूण अकरा. पहिला: घर हे घर असतं. दुसरा: शिवणाला विरोध नाही, परंतु. तिसऱ्यापासून पुढं अजून विस्तार करायचा आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर, शिरूर

एसटीनं आलो. शिक्रापूरला गाडी बदलली. उसाच्या ट्रॉल्यांमुळं तास गेला, तेवढ्यात मुद्दे पाठ झाले.

पाबळ फाट्याला एका दवाखान्याच्या वर खोली आहे. जिन्यात पाटी: तुळजा शिवण क्लास. अक्षर चांगलं. शुद्धलेखन बरोबर. ते जास्तच लागलं.

वर गेलो. दहा मशीनं आणि चौदा बायका-पोरी. तुळजा कापडावर खडूनं गळा आखत होती. गळ्यात टेप. चष्मा लावलेला. चष्मा कधी लागला?

मला बघितलं. हात थांबला नाही. म्हणाली, "बसा तिथं. सहाला सुटतो क्लास."

तेव्हा चार वाजले होते. मी स्टुलावर बसलो. पहिला मुद्दा तोंडात आला होता, पण आखताना मध्ये बोललं तर रेघ हलेल असं वाटलं. रेघ पुरी झाली तर तिनं दुसरी काढायला घेतली.

तिचा आवाज मला ओळखू येईना. घरी ती एवढी बोलत नाही. एका पोरीनं कापड उलटं कापलं, सरळ मधोमध. मी उठलोच होतो. तुळजा म्हणाली, "बघू. हरकत न्हाई, ह्याची बाही निघंल. पुढच्याला आधी घडी बघायची." पोरगी हसली. कुणाला उभं केलं नाही, कुणाला शिक्षा नाही, तरी पुढचं कापड तिनं तीनदा घडी बघून कापलं. मी परत बसलो.

पाच वाजता एका बाईनं माझ्या मांडीवर ब्लाऊज आणि हुकांची पुडी ठेवली. "बाबा, रिकामे बसलाय तर येवढं लावा." सहा हुक लावले. तिनं बघितलं आणि म्हणाली, "उलट्या बाजूनं लागलेत. उसवा." उसवले. परत लावले. हुक लावताना बाकी काहीच सुचत नाही, हे एक त्यातलं वाईट. सहा वाजले तेव्हा अकरापैकी एकही मुद्दा आठवेना. पोरी "येते मॅडम" म्हणत जिना उतरत होत्या आणि माझा शेवटचा हुक राहिला होता. तुळजा म्हणाली, "ठेवा, उद्या करू." मी म्हणालो, "होऊ दे."

आजचा अभ्यास पूर्ण बुडाला. मन रिकामं नाही, झाड नाही, पाणी नाही. उद्या भरून काढायला हवा.

गुरुवार, २७ नोव्हेंबर, शिरूर

क्लासला गुरुवारी सुट्टी असते.

सकाळी मोनालीच्या गॅलरीत आम्ही तिघं. मोनाली कामाला निघालेली, पर्स खांद्याला. मला म्हणाली, "बाबा, आईला न्यायला आला असाल तर आत्ताच सांगते..." तुळजा तिला म्हणाली, "तू जा. उशीर होतोय."

मोनाली गेल्यावर तुळजानं सांगितलं. मध्ये थांबत थांबत, पण सगळं.

"मी भांडून आले न्हाई. तुमचं काय वाईट बी मनात न्हाई. मला येकदा सकाळी आपल्या आपण उठायचं हुतं. येकदा उठले, मग वाटलं, अजून येकदा. मार्चमध्ये पोरींची परीक्षा हाय. तवर मी हितंच. म्होरचं म्होरं बघू."

मी म्हणालो, "आणि मी?"

"बुधवारी येत जा. गुरुवारी ऱ्हावा. सूचना घरी ठेवून या."

रागवायला पाहिजे होतं. तसा प्रयत्नही केला. आवाज निघाला तो असा: "बुधवारी कितीच्या गाडीनं?"

बुधवार, ३ डिसेंबर, शिरूर

काज करायला शिकलो. मला धरून पंधरांत सगळ्यात मागं आहे.

गुरुवार, ११ डिसेंबर, शिरूर

मधल्या नोंदी राहिल्या. दौंडला जाऊन आलो, एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? मी म्हणालो, बुधवारी बाह्या जोडतो. त्यांनी ते लिहून घेतलं.

आज सुट्टी. तुळजा गॅलरीत मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो होतो. खाली रस्त्यावर शाळेच्या पोरी पळत चालल्या होत्या, त्यातली एक चांगली वळत होती. मला सवयीनं वाटलं, हिला खेळात घातली पाहिजे. आणि मग कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, "तुळजा, तू लहानपणी काय खेळायचीस?"

तिनं मेथी खाली ठेवली. हात पदराला पुसला आणि उलटा करून माझ्या कपाळावर ठेवला. बराच वेळ. मग स्वतःच्या कपाळावर ठेवून बघितलं.

"ताप तर न्हाई," म्हणाली.

"नाही."

"खो-खो," म्हणाली.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्यातली एकतीस मी खो-खो शिकवला.

"केंदूरच्या शाळेकडनं तालुक्याला खेळले हुते," ती म्हणाली. "नववीत. पळायला असायचे मी. फायनलला समोरच्या नऊ जणी दमल्या, पर मी काय घावले न्हाई. पंचांनी शिट्टी वाजवली तरी मी आपली पळतेच! मास्तर वरडत्यात, आगं संपला, संपला!"

आणि ती हसायला लागली. मेथीची जुडी मांडीवरून घसरली, ती तिनं उचलली नाही. खांब कसा धरायचा, वळताना उजवा पाय आधी की डावा, ते हातानं दाखवायला लागली. डावा, म्हणाली. मी आयुष्यभर उजवा सांगत आलो.

मी म्हणालो, "करून दाखव."

गॅलरीच्या खांबाला धरून तिनं दाखवलं. डावाच बरोबर आहे.